दोन डाव्या नडग्या

पेटी उघडली तेव्हा आत दोन डाव्या नडग्या होत्या.

हे मी शेवटी सांगायला हवं होतं बहुतेक. पाद्री ऑस्बर्ट म्हणायचे, माणसाचं आयुष्य लिहायचं तर बाप्तिस्म्यापासून सुरुवात करावी. त्यांनीच मला अक्षरं शिकवली, चर्चच्या किल्ल्या माझ्याकडे आल्यावर, म्हणजे चाळिशी उलटून गेल्यावर. त्यामुळे माझं लिहिणं चिखलातून कोंबडी गेल्यासारखं दिसतं. पण सर हॅमोंबद्दल काहीही आठवायला बसलो की आधी त्या नडग्याच समोर येतात. आता आमचे नवे पाद्री विचारतात की चर्चच्या मधल्या वाटेत, लोकांच्या पायाखाली, कोणाच्या थडग्याची फरशी आहे आणि ती तिथेच का. ज्यांना ठाऊक होतं ते सगळे गेले. म्हणून लिहितो.

सर हॅमो आमच्या हॅल्बी गावचे सरदार. सरदार म्हटलं की लोकांना किल्ला आणि फडफडते झेंडे दिसतात. आमच्या धन्याकडे गवताने शाकारलेला वाडा होता, लढाईचा एक घोडा, कामाचे तीन, आणि एक चिलखत, जे त्यांच्या वडिलांच्या मापाचं असल्यामुळे त्यांना काखेत काचायचं. मी त्यांचा मोतद्दार. घोडे सांभाळायचे, आणि चिलखत गंजलं की ते वाळू आणि व्हिनेगर घातलेल्या पिंपात टाकून अंगणभर लोळवायचं.

चौदाव्या वर्षी त्यांचा उजवा पाय मोडला. अंगणात एक फिरता खांब होता. त्याच्या एका हाताला ढाल, दुसऱ्याला वाळूचं पोतं. घोडा दौडवत यायचं, भाल्याने ढालीवर मारायचं आणि पोतं फिरून पाठीत बसायच्या आत निसटायचं. हॅमो निसटले नाहीत. माझे वडील नालबंद, त्यांनी पाय बसवला. मी तेव्हा अकरा वर्षांचा. टाच मी धरली होती. वडिलांनी जन्मभर घोड्यांचेच पाय पाहिलेले. हाड जुळलं, पण वाकडं, आणि गुडघ्याखाली अक्रोडाएवढी गाठ राहिली. तेव्हापासून धनी लंगडत चालायचे. एक पाऊल जड, एक हलकं. वाड्यातल्या कुत्र्यांनासुद्धा ते पाऊल ओळखू यायचं.

पुढे ते सरदार झाले, वेल्सच्या लढाईत दोनदा जाऊन आले, लेडी एव्हिसशी लग्न केलं. एव्हिसबाई दर हिवाळ्यात त्या गाठीला हंसाची चरबी चोळायच्या. वीस वर्षं. धनी ओरडायचे, "अगं, हळू! लढाईत एवढं दुखलं नव्हतं." बाई म्हणायच्या, "लढाईत मी नव्हते ना."

त्यांना एकच मुलगी झाली, इडोनी. आठव्या वर्षी तापाने गेली. चर्चच्या आत, उत्तरेच्या भिंतीपाशी तिला पुरलं. त्यानंतर धन्यांनी फिरता खांब पाडून टाकला. का, ते कधी बोलले नाहीत. ती त्यावर चढून झोका घ्यायची, एवढं मला माहीत आहे.

आता सर फल्क. हॅल्बीत जमिनी दोन सरदारांच्या, पण चर्च एकच. उत्तरेची बाजू आमच्या धन्यांची, दक्षिणेची सर फल्कांची, मधे वाट. सर फल्कांनी पाणचक्कीसाठी ओढ्यावर बंधारा घातला आणि आमचं गवताचं कुरण पाण्याखाली गेलं.

"फल्क, तुझ्या बंधाऱ्याने माझं कुरण बुडतंय."

"कुरण कसलं, डबकं होतं ते. आता माझ्या वामी खूश आहेत तिथे."

त्या दिवसापासून आमच्या धन्यांनी वाम मासा तोंडात घातला नाही. ईस्टरआधी उपासाचे चाळीस दिवस मांस वर्ज्य, तेव्हा सगळा गाव बंधाऱ्यातल्या वामी खायचा आणि धनी खारवलेली हेरिंग मासळी चावत बसायचे. ओठ फुटायचे.

"अहो, माशाने काय केलंय तुमचं?" बाई विचारायच्या.

"तो मासा त्याच्या पाण्यातला आहे."

एका वसंतात धन्यांनी स्वतः कुऱ्हाड घेऊन बंधारा फोडला. सर फल्कांनी आमचे दोन बैल हाकून नेले. न्यायाधीशांपुढे तक्रार गेली आणि अठरा वर्षं तिथेच राहिली. चर्चमध्येही तेच. प्रार्थनेच्या शेवटी शांतीची पाटी फिरते, लाकडाची, वर येशूचं चित्र. एकाने तिचं चुंबन घ्यायचं आणि शेजाऱ्याच्या हातात द्यायची, म्हणजे मनात काही राहिलं नाही असं होतं. पहिला मान कोणाचा, यावर एका ईस्टरला दोघांनी पाटी दोन बाजूंनी धरली आणि ती मधोमध चिरली. तेव्हापासून तिला पाठीमागून पत्र्याची पट्टी मारलेली आहे.

मग राजाने समुद्रापलीकडे, फ्रेंचांशी चाललेल्या गॅस्कनीच्या लढाईला बोलावलं. दोघांनाही जावं लागलं, आणि एकाच तुकडीत.

निघायच्या आदल्या दिवशी धनी तबेल्यात आले, उलट्या बादलीवर बसले. मी खोगिराला चरबी लावत होतो.

"थर्स्टन, मी तिकडे मेलो तर मला तिकडे ठेवू नकोस."

"धनी, असं अभद्र बोलू नका."

"ऐक रे. मला इडोनीशेजारी ठेवायचं. आणि पूर्ण आणायचं. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, मेलेले सगळे उठतील, तेव्हा ती पटकन उठेल, लहान आहे, घाबरेल. मला तेव्हा हाडं शोधत बसायला वेळ नसेल. कळलं? बोटसुद्धा मागे राहता कामा नये."

"कळलं."

"आणि त्या फल्कपासून लांब."

मी क्रॉसवर हात ठेवून शब्द दिला. या लिखाणात बाकी काही चुकलं तरी चालेल, पण हे मी असंच बोललो होतो.

गॅस्कनीत पहिलं वर्ष आम्ही नुसते चालत होतो. दुसऱ्या उन्हाळ्यात धान्याच्या गाड्या एका वेढलेल्या गावाकडे न्यायच्या होत्या. रस्ता रानातून. फ्रेंच तिथे दबा धरून होते. पुढचं मी नंतर सांगतो, कारण तेव्हाही मी ते लपवलंच होतं. संध्याकाळपर्यंत सर हॅमो आणि सर फल्क दोघेही मेलेले होते, एकाच खड्ड्यात, एकावर एक.

ऊन एवढं की तिसऱ्या दिवशी कोणी जवळ उभं राहू शकलं नसतं. जहाज तीन आठवड्यांवर. अशा वेळी तेव्हा एकच रीत होती: प्रेत पाण्यात आणि वाइनमध्ये उकळायचं, मांस तिथल्या पवित्र जमिनीत पुरायचं आणि हाडं घरी न्यायची. मोठमोठ्या लोकांचंही तसंच व्हायचं. ऐकताना ती रीत वाटते. करायची वेळ आली तेव्हा मला कळलं की मी आजवर जे ऐकलं होतं ते नुसते शब्द होते.

जवळच्या मठाने स्वयंपाकघरातली एक काहील दिली, डुकरं सोलायला वापरायचे ती. एकच. आणि एकाच दिवसासाठी, कारण दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे सण होता. सर फल्कांचा मोतद्दार अ‍ॅल्गर माझ्याबरोबर होता. मालकांचं वैर असलं तरी आमचं नव्हतं. घोड्यांना पाणी एकाच ओढ्यावर पाजायचो.

"एकच काहील आहे रे, थर्स्ट्या. काय करायचं?"

"एकत्रच घालावं लागेल."

"मग ओळखायचं कसं?"

मी घोड्याचा माणूस. माझ्या कमरेला नेहमी चामड्याच्या वाद्या. मी माझ्या धन्यांच्या हातापायांना वाद्या बांधल्या. म्हटलं, बांधलेले माझे, मोकळे तुझे. डोकी मात्र वेगवेगळ्या टोपल्यांत घालून सोडली.

चामडं दिवसभर उकळलं की त्याचा सरस होतो. हे मला, चामड्यातच आयुष्य गेलेल्या माणसाला, माहीत नव्हतं का? माहीत होतं. त्या दिवशी आठवलं नाही. संध्याकाळी अ‍ॅल्गरने झारा घातला तेव्हा वर आलेल्या हाडांवर एकही वादी नव्हती. सगळं चिकट आणि मोकळं.

मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसलो. उठून आत जाणं माझ्याच्याने झालं नाही. वाटणी अ‍ॅल्गरने केली. त्याने मोजून केली: मांडीची दोन तुला, दोन मला; नडग्या दोन तुला, दोन मला. पेटीचं झाकण बसवून मी वरून डांबर ओतलं. आत पाहिलं नाही. जी टाच मी अकराव्या वर्षी धरली होती, तिच्या वरचं हाड मी एकदा डोळ्यांनी पाहिलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

अ‍ॅल्गरला आधी जहाज मिळालं. मी पंधरा दिवसांनी हॅल्बीत पोचलो, तोवर सर फल्कांची पेटी दक्षिणेच्या भिंतीत बसवून वरून चुना झाला होता.

एव्हिसबाईंनी नवऱ्यासाठी लिननचं कापड स्वतः विणलं होतं. त्यांना हाडं वाइनने पुसून त्यात गुंडाळायची होती. पेटी इडोनीच्या फरशीजवळ ठेवली. पाद्री ऑस्बर्ट आणि मी, एवढेच तिथे होतो. मी डांबर फोडलं.

बाईंनी आधी डोकं घेतलं. ते बराच वेळ मांडीवर ठेवलं. मग हात, मग फासळ्या. रडल्या नाहीत. मग एक नडगी घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला. ती खाली ठेवली. दुसरी घेतली. तिच्यावरूनही अंगठा फिरवला, वरून खाली, खालून वर.

"थर्स्टन, गाठ कुठाय?"

मी पेटीत वाकून पाहिलं.

"गाठ, रे. वीस वर्षं मी तिला चरबी चोळली. डोळे मिटून सांगेन मी ती. कुठाय?"

मी पुढे होऊन दोन्ही नडग्या हातात घेतल्या. घोट्याकडचं टोक आतल्या बाजूला असतं. नालबंदाच्या मुलाला हे शिकवावं लागत नाही. दोन्हींचं टोक एकाच बाजूला होतं. दोन्ही डाव्या. एक लांब, एक बोटभर आखूड.

मी त्या कापडावर ठेवल्या. काहील, वाद्या, अ‍ॅल्गरची मोजणी, सगळं मी एका दमात सांगून टाकलं. पाद्री ऑस्बर्ट भिंतीला टेकले. "देवा रे," ते म्हणाले. "देवा रे. डुकरांच्या काहिलीत?" मग एकदम, "आणि शेवटच्या दिवशी तो उठणार कसा? दुसऱ्याच्या पायावर?"

बाई दक्षिणेच्या भिंतीकडे पाहत होत्या. तिथला चुना अजून ओला दिसत होता.

"म्हणजे त्याचा पाय पलीकडे आहे," त्या म्हणाल्या. "पेट्रोनिलाला बोलवा."

सर फल्कांची बायको, लेडी पेट्रोनिला, अ‍ॅल्गरला घेऊन आली. अंगाने आडवी, आवाजाने त्याहून आडवी. ऐकलं तेव्हा तिने आधी छातीवर क्रॉस केला. मग अ‍ॅल्गरच्या कानाखाली एक दिली. मग कमरेवर हात ठेवून एव्हिसबाईंकडे वळली.

"अठरा वर्षं तुमच्या नवऱ्याला आमच्या हद्दीत पाय टाकायचा होता. टाकला की!"

"भिंत उघड, पेट्रोनिला."

"नाही उघडणार. प्रार्थना झाल्या, चुना झाला. माझा माणूस शांत पडलाय."

"एका पायावर?"

"दोन आहेत त्याला. दोन्ही उजवे असले म्हणून काय झालं? तुमच्याच्या दोन पायांपेक्षा त्याचा एक पायही सरळ होता!"

"आणि माझी मुलगी? ती उठेल तेव्हा हा लंगडत तुझ्या दारात पाय मागायला जाणार, आणि ती एकटी उभी राहणार?"

"तेव्हा देईन. आत्ता नाही."

पाद्री मधे पडले. कोणी ऐकलं नाही. भिंत उघडली नाही तर धन्यांना दिलेला माझा शब्द कायमचा गेला, हे मला दिसत होतं. आणि माझ्याजवळ अजून एक गोष्ट होती, जी बोलायची नाही असं मी जहाजावरच ठरवलं होतं, कारण ती एव्हिसबाईंना लागली असती. पण तेव्हा दुसरं काही सुचलं नाही.

"पेट्रोनिलाबाई," मी म्हणालो, "सर फल्क एकटे मेले नाहीत."

"म्हणजे?"

"फ्रेंच रानातून आले तेव्हा आम्ही पुढे निसटलो होतो. धनी आणि मी. वाट मोकळी होती. सर फल्क मागे खड्ड्यात पडले, घोडा त्यांच्या अंगावर. धन्यांनी वळून पाहिलं. मी लगाम धरला, म्हटलं, चला. त्यांनी माझ्या हातावर फटका मारला, खाली उतरले आणि लंगडत मागे गेले."

अ‍ॅल्गर माझ्याकडे असा पाहत होता, जणू मी त्याला कधी भेटलोच नव्हतो.

"कशाला गेला?" पेट्रोनिलाबाईंनी विचारलं. आवाज एकदम बसला होता.

"ते ओरडत गेले. म्हणाले, 'ए फल्क! बंधाऱ्याचं अजून मिटलेलं नाही. मरतोस कुठे?' आणि त्यांचा हात धरून ओढायला लागले."

"आणि फल्क?"

"ते म्हणाले, 'ओढ की मग, लंगड्या. बोलतोस काय!'"

पेट्रोनिलाबाई हसल्या. मोठ्याने, चर्चमध्ये. हसता हसताच खाली जमिनीवर बसल्या आणि ओढणीत तोंड खुपसलं. खूप वेळाने म्हणाल्या, "उघडा. भिंत उघडा. अ‍ॅल्गर, पहार आण. तिचा पाय तिला द्या."

मला वाटलं, सुटलो. पहार कुठे आहे हे मला ठाऊक होतं, मी निघालोसुद्धा.

"थांब," एव्हिसबाई म्हणाल्या.

त्यांचा चेहरा मी तसा आधी पाहिला नव्हता, इडोनी गेली तेव्हाही नाही. रंगच उरला नव्हता.

"वाट मोकळी होती म्हणालास."

"हो, बाई."

"तो येऊ शकला असता."

"हो."

"घरी. माझ्याकडे."

बाईंनी ती आखूड नडगी, बुटक्या सर फल्कांची, उचलून इतकी घट्ट धरली की मला वाटलं आता फेकतात. पाद्री ऑस्बर्टनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"अठरा वर्षं," त्या म्हणाल्या, "जेवताना बंधारा. झोपताना बंधारा. मी चरबी चोळतेय आणि हा बंधाऱ्याबद्दल बोलतोय. आणि मरताना पण..." त्या थांबल्या. मग कापड सरळ केलं. लांब नडगी गुंडाळली आणि शेजारी ती आखूड ठेवून तीही गुंडाळली. सैल नाही, नीट ताणून, टोकाला गाठ मारून.

"बाई, भिंत?" मी विचारलं.

"राहू दे. उठला की आधी तिकडेच जाणार तो, बंधाऱ्याचं मिटवायला. पाय तिकडेच बरा."

"पण इडोनी?"

"इडोनीला मी धरीन." त्यांनी मधल्या वाटेकडे बोट दाखवलं. "मला तिथे पुरा. तिच्या आणि त्याच्या पायाच्या मधे. त्याला जायचं तर माझ्यावरून जावं लागेल, आणि मी त्याला विचारणार आहे."

पेट्रोनिलाबाई जमिनीवरूनच म्हणाल्या, "मी पण विचारणार आहे माझ्याला."

पुढच्या रविवारी शांतीची पाटी फिरली. मान कोणाचा होता ते देव जाणे. पेट्रोनिलाबाईंनी चुंबन घेतलं आणि वाट ओलांडून पाटी थेट एव्हिसबाईंच्या हातात दिली. एव्हिसबाईंनी ती बाहीने पुसली. सगळ्यांनी पाहिलं. मग चुंबन घेतलं.

दोन वर्षांनी रोमहून पोपचा हुकूम आला की प्रेतं उकळण्याची ती रीत राक्षसी आहे, यापुढे जो करील त्याला धर्माबाहेर काढलं जाईल. पाद्री ऑस्बर्टनी तो वाचून दाखवला आणि एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचे ते उपकार मी विसरलेलो नाही. बंधारा अजून आहे. पेट्रोनिलाबाईंनी त्याची वरची एक फळी काढायला लावली आणि कुरण अर्धं वर आलं.

एव्हिसबाई सात वर्षांनी गेल्या. खड्डा मीच खणला, मधल्या वाटेत. लोक कुरकुरले, जायच्या-यायच्या जागी कोण पुरतं म्हणून. मग सवय झाली. रविवारी सगळे त्या फरशीवरूनच पुढे जातात, पोरंटोरं उड्या मारत जातात. मी किल्ल्या घेऊन रोज दोनदा तिथून जातो. मी कडेने जातो.